बाईच्या हातातली कुऱ्हाड

मराठवाड्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारात लोखंडी अवजारे विकणाऱ्याच्या पालापुढे थोडा वेळ उभे राहिले, तर कुऱ्हाडीची खरेदी कशी होते ते पाहायला मिळते. गिऱ्हाईक पाते उचलतो, धारेवरून अंगठा आडवा फिरवतो, तुंब्यावर, म्हणजे धारेमागच्या बोथट पाठीवर, टिचकी मारून लोखंडाचा आवाज ऐकतो आणि भावाला हात घालतो. पाते किती वजनाचे आहे, नेढे सरळ आहे की तिरके, त्यात दांडा किती लांबीचा बसवायचा आणि मुख्य म्हणजे ही कुऱ्हाड घरी चालवणार कोण, हे प्रश्न सहसा निघतच नाहीत. शेवटचा प्रश्न तर निघण्याचे कारणही नसते, कारण घरी रोजचे सरपण फोडणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्या बाजाराला आलेलीच नसते. झाड पाडायला, मोठ्या फांद्या तोडायला पुरुष जातात; पण बांधावरून आणून टाकलेले ओंडके चुलीत जातील इतके बारीक करण्याचे काम दुपारची भांडी आवरल्यावर घरातल्या बाईकडे येते.

1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि त्यानंतर आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत सिलिंडर आला, हे खरे आहे. तरी चूल गेलेली नाही. अंघोळीचे पाणी, पुरणाची डाळ, ज्वारीच्या भाकरी, जनावरांचे आंबोण अशा कामांना अजूनही लाकूडच लागते, आणि सिलिंडर संपल्यावर पुढचा आणायला पैसे नसले तर सगळाच स्वयंपाक त्यावर होतो. कापसाची पळाटी आणि तुरीच्या तुराट्या हाताने मोडता येतात, त्यांना कुऱ्हाड लागत नाही. पण त्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात. निखारा टिकवायचा तर बाभूळ, कडुलिंब, बोर नाहीतर ओढ्याकाठची वेडी बाभूळच हवी.

या लाकडाचा स्वभाव आधी समजून घ्यायला हवा, कारण कुऱ्हाडीचे पुष्कळ अपघात लाकडाच्या स्वभावामुळे होतात. किनवट आणि माहूरचा पट्टा सोडला तर मराठवाड्यात जंगल म्हणावे असे फारसे नाही. (माहूर म्हणजे रेणुकेचे ठाणे, हाती कुऱ्हाड दिल्याशिवाय ज्याचे चित्र पुरे होत नाही त्या परशुरामाची ही आई, आणि तिच्या डोंगराखालच्या गावांतून सरपणाच्या मोळ्या वाहतात त्याही आयाच.) बाकी सगळीकडे जळण येते ते बांधावरच्या, ओढ्याकाठच्या आणि पडीक रानातल्या झाडांचे. दाट जंगलात वाढलेले झाड उजेडासाठी सरळ वर जाते, त्याचे खोड सोट असते आणि त्याचे तंतू वरपासून खालपर्यंत एका रेषेत धावतात. बांधावरचे झाड एकटे वाढते, चहूकडे फांद्या टाकते, आणि शेळ्यांच्या पाल्यासाठी त्या फांद्या दरवर्षी छाटल्या जातात. प्रत्येक छाटणीच्या जागी गाठ धरते. अशा गाठाळ बाभळीचा ओंडका सरळ वार घेत नाही. पाते गाठीवर आदळून बाजूला घसरते किंवा रुतून बसते. चिंचेचे लाकूड तर तंतूंच्या गुंत्यामुळे याहूनही हट्टी असते. आंबा आणि चिंच ही झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतात आणि परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, म्हणून चिंच सहसा वादळाने पडली तरच अंगणात येते. पण आली म्हणजे तिच्यावर दांडे मोडतात.

आता कुऱ्हाडीकडे वळू. झाड तोडणे आणि लाकूड फोडणे ही दोन निराळी कामे आहेत आणि त्यांना निराळ्या घडणीचे पाते लागते. तोडताना पाते तंतूंना आडवे छेदत जाते, म्हणून ते पातळ आणि तीक्ष्ण असावे लागते. फोडताना तंतू कापायचे नसतात, ते एकमेकांपासून विलग करायचे असतात. त्यासाठी धारेमागचे गाल जाड आणि फुगीर हवेत, म्हणजे पाते आत शिरता शिरता लाकडाला दोन्ही बाजूंनी ढकलत नेते. पाश्चात्त्य देशांत फोडण्यासाठी मॉल नावाचे अवजड हत्यार वापरतात, त्याचे डोके साधारण अडीच ते चार किलोचे असते आणि त्याची घडण जवळजवळ पाचरीची असते. आमच्या घरांत दोन्ही कामांना एकच कुऱ्हाड असते, आणि ती तोडण्याची असते. लोहार ती पुष्कळदा ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जुन्या पाट्यापासून घडवतो; ते पोलाद उत्तम असते, पण पाटा मुळात पट्टीसारखा सपाट असल्यामुळे त्यापासून फुगीर गाल काढणे मेहनतीचे ठरते. परिणामी पाते पातळच राहते. ते ओंडक्यात चार बोटे शिरते आणि तिथेच अडकते. मग बाई ओंडक्यावर पाय देते, दांडा डावीकडे-उजवीकडे हिसकते, आणि याच हिसक्यात कंबर धरते किंवा नेढ्याशी दांडा तडकतो. रुतलेले पाते काढताना दांडा बाजूंना कधीच हलवू नये. धारेच्या रेषेतच दांड्याचे टोक वर-खाली दाबावे, म्हणजे पाते आपोआप सैल होते.

या साऱ्यापेक्षा अधिक घातक अशी एक समजूत आमच्याकडे आहे, आणि मुख्यतः तिच्याविषयीच मला लिहायचे आहे. बाईमाणसासाठी कुऱ्हाड म्हणजे लहान कुऱ्हाड, असे सगळे धरून चालतात. लहान म्हणजे काय, तर दांडा तोडून दीड फुटाचा केलेला. कित्येकदा मोठ्या कुऱ्हाडीचा दांडा मोडला की उरलेला बुंधाच पुन्हा नेढ्यात ठोकतात आणि ती कुऱ्हाड "बायकांची" होते. वजन तेच, पाते तेच, फक्त दांडा निम्मा. दिसायला ती आटोपशीर दिसते, हाताळायला सोपी वाटते, आणि तिच्यामुळेच सर्वांत जास्त नडगी फुटते.

याचे कारण भूमितीत आहे. कुऱ्हाड खांद्याभोवती वर्तुळाच्या चापासारखी फिरत खाली येते. दांडा लांब असेल आणि वार चुकला, तर हा चाप पावलांच्या बराच पुढे जमिनीला भिडतो आणि पाते मातीत शिरते. दांडा आखूड असेल, तर चाप जमिनीला भिडण्याआधीच अंगाकडे वळतो, आणि त्याच्या वाटेत येते ती डावी नडगी, गुडघा किंवा पायाची बोटे. शिवाय आखूड दांड्याने जमिनीवरचे लाकूड गाठायचे तर कंबरेत पूर्ण वाकावे लागते. वाकलेल्या अवस्थेत वार करणाऱ्या माणसाचे डोके ओंडक्याच्या नेमके वर येते, आणि उडालेली ढलपी सरळ डोळ्याकडे येते. पाठीच्या खालच्या मणक्यांवर पडणारा ताण निराळाच. सरपण फोडून आलेल्या बायका रात्री कंबर शेकत बसतात, त्यातला मोठा वाटा कामाचा नसून दांड्याच्या लांबीचा असतो असे माझे मत आहे.

मग बाईला जड कुऱ्हाड झेपावी कशी, हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याचे उत्तर दांडा तोडणे हे नाही, डोके हलके करणे हे आहे. फिरत्या वस्तूची ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या पटीत वाढते, पण वेगाच्या मात्र वर्गाच्या पटीत वाढते. दोन किलोचे पाते काढून दीड किलोचे लावले, म्हणजे वजन चतुर्थांशाने घटवले, तर तितक्याच ताकदीचा वार बसण्यासाठी वेग फक्त पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढावा लागतो. तो वेग लांब दांडा सहज देतो, कारण हात तेवढाच फिरला तरी दांड्याच्या टोकाला असलेले पाते अधिक मोठ्या चापातून जाते. वर उचलताना मात्र प्रत्येक वेळी अर्धा किलो कमी उचलावा लागतो. दांडा आखूड केल्याने नेमके उलटे होते: वेग घटतो, तो भरून काढायला बाई अधिक जोर लावते, आणि जोर लावला की नेम जातो.

हे माझ्या धाकट्या दिरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, लांब दांडा बाईला आवरत नसतो." मी त्यांना रस्त्याकडेच्या घिसाड्यांची आठवण करून दिली. उन्हाळ्यात गावाबाहेर त्यांची पाले पडतात. पुरुष भात्याजवळ बसून सांडशीत तापलेला फाळ धरतो आणि त्याच्यावर लांब दांड्याचा घण डोक्यावरून आणून घालते ती त्याची बायको. ठोक्याला ठोका लागोपाठ पडतो, आणि एकही ठोका सांडशीवर पडत नाही. त्या बाईला घण आवरतो, कारण तो तिच्या रोजच्या कामाचा आहे आणि त्याचा दांडा तिच्या हाताला बसलेला आहे. दिरांनी यावर विषय बदलला.

दांडा किती लांब असावा याचा एक जुना अंदाज आहे: पाते तळहातात धरून हात सरळ लांबवला, तर दांड्याचे दुसरे टोक काखेला टेकावे. हे सर्वसाधारण कुऱ्हाडीचे माप झाले. फोडण्याच्या कामाला त्याहून वीतभर अधिक हवे. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हा हिशेब अडीच फुटांच्या जवळपास जातो. जाडी मुठीवरून ठरवावी. मूठ वळल्यावर अंगठा मधल्या बोटाच्या नखावर आरामात यावा, म्हणजे साधारण तीन ते साडेतीन सेंटिमीटर. आमच्याकडचे दांडे बहुधा गोल असतात आणि ही मोठीच उणीव आहे. गोल दांडा मुठीत फिरतो, आणि पाते किंचित तिरपे झाले हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. अंडाकृती दांड्याला मात्र पुढची-मागची बाजू असते, त्यामुळे धार कोणत्या दिशेला आहे हे तळव्यालाच समजते. खालच्या टोकाला थोडे बोंड ठेवले तर घामाने ओला झालेला हात निसटत नाही. बाजारातल्या दांड्यांना कधीकधी चकचकीत व्हार्निश असते; ते काचेने खरवडून काढावे, कारण त्यावर हात सरकत नाही, चिकटतो आणि फोड येतात.

दांड्याचे लाकूड बाभळीचे चालते. धावड्याचे मिळाले तर उत्तमच. गाड्यांचे कणे आणि अवजारांचे दांडे यांसाठी धावडा पूर्वीपासून नावाजलेला आहे. लाकूड कोणतेही असो, रेषा पाहावी. तंतूंच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग धावल्या पाहिजेत. त्या मध्येच दांड्याच्या कडेवरून बाहेर निघत असतील, तर एक ना एक दिवस दांडा त्याच तिरक्या रेषेवर मोडणार हे नक्की. करवतीने कापलेल्या दांड्यापेक्षा फोडून काढलेला दांडा भरवशाचा, कारण लाकूड फुटताना स्वतःच्या रेषेनेच फुटते.

सगळ्यांत मोठा धोका सैल पात्याचा आहे, आणि तो आमच्या हवेमुळे वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो, हवेत ओलावा उरत नाही, आणि नेढ्यातले लाकूड सुकून आकसते. पाचर डुगडुगते. टिकावाची रचना निराळी असते. त्याचा दांडा वरच्या टोकाला जाड असल्यामुळे फिरवताना पाते बाहेर ओढले गेले तरी ते त्या जाडीवर अधिकच घट्ट बसते. पाचरीवर बसवलेल्या कुऱ्हाडीला असा आधार नसतो. ती सुटली की सुटली. यावर घरोघरी एकच उपाय करतात: कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात. सकाळी ती घट्ट झालेली असते, म्हणून उपाय बरोबर वाटतो. प्रत्यक्षात पाणी प्यालेले लाकूड फुगते, पण नेढ्याचे लोखंड त्याला जागा देत नाही, त्यामुळे आतले तंतू चिरडले जातात. दोन दिवसांच्या उन्हात ते लाकूड वाळते ते पूर्वीपेक्षा बारीक होऊन. म्हणजे दर भिजवण्याबरोबर कुऱ्हाड थोडी अधिक सैल होत जाते, आणि ज्या दिवशी भिजवायची राहते त्या दिवशी पाते अंगणाच्या पलीकडे जाऊन पडते.

पाण्याऐवजी जवसाचे तेल वापरावे. जवसाचे तेल हवेत हळूहळू घट्ट होते, पाण्यासारखे उडून जात नाही. नेढ्यातून वर आलेल्या दांड्याच्या उघड्या टोकाला ते पुष्कळ पिते. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडे असतात. एक हात देऊन वाळू द्यावे, पुन्हा द्यावे, लाकूड पिईनासे होईपर्यंत. इथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे: तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल घट्ट होताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेटू शकते. फडकी दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत.

पाते सैल झालेच असेल, तर पुष्कळ लोक कुऱ्हाड उलटी धरून तुंबा दगडावर आपटतात. त्याची गरज नाही. कुऱ्हाड पाते खाली करून एका हातात लोंबती धरावी आणि दांड्याच्या वरच्या, मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यावेत. पाते जड असल्यामुळे जागचे हलत नाही आणि दांडा त्यात अधिकाधिक घुसत जातो. पाते चढत असलेले डोळ्यांना दिसते. त्यानंतर पाचर नीट बसवावी. पाचर वाळलेल्या कठीण लाकडाची असावी आणि दांड्यातली खाच नेढ्याच्या निम्म्याहून अधिक खोल गेलेली असावी. पाचरीऐवजी दोन-तीन खिळे ठोकण्याची जी रीत सर्वत्र दिसते, तिने दांड्याचा माथा चिरतो आणि चार दिवसांची सोय होते, इतकेच.

धारेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. बोथट कुऱ्हाड सुरक्षित, ही समजूत खोटी आहे. बोथट पाते लाकूड पकडत नाही, घसरते. फोडण्यासाठी वस्तऱ्यासारखी धार नको, पण पहिल्या स्पर्शाला पाते रुतेल इतकी हवीच. कानशीने ती घरी लावता येते. वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर मात्र कुऱ्हाड देताना पोरावर लक्ष ठेवावे: धारेचा रंग निळा झाला, म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले, आणि लोहाराने पाणी देऊन आणलेला कडकपणा तिथे गेला. तेवढा भाग पुढे मऊच राहतो.

आता काम करण्याची रीत. आमच्याकडे ओंडका जमिनीवर आडवा टाकतात, एका पायाने दाबतात आणि त्याच पायाच्या शेजारी वार करतात. कुठल्याही घरच्या अंगणात हे पाहायला मिळेल, आणि पायात बहुधा रबरी चप्पल असते. पाऊल आणि पाते यांच्यात वीतभरही अंतर नसते. याला पर्याय म्हणून जाड बुंध्याचा एक ठोकळा कायमचा अंगणात ठेवावा, त्याची उंची गुडघ्याच्या आसपास असावी. फोडायचा ओंडका त्यावर उभा ठेवायचा, आणि तोही ठोकळ्याच्या पलीकडच्या काठाकडे, म्हणजे वार आखूड पडला तरी पाते ठोकळ्यात रुतेल, पायाकडे येणार नाही. पावले खांद्याइतकी रुंद ठेवावीत आणि एका ओळीत. एक पाऊल पुढे टाकण्याची सवय मोडावी. कुऱ्हाड वर नेताना एक हात पात्याजवळ असतो, खाली आणताना तो दांड्यावरून सरकत दुसऱ्या हाताला मिळतो. वार बसण्याच्या क्षणी गुडघे वाकवून कंबर खाली न्यावी. हे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण गुडघे वाकले की पाते चापात न येता जवळजवळ उभे खाली येते आणि धार अंगाकडे वळत नाही.

उभा ओंडका प्रत्येक वाराला पडतो आणि फोडणारीला दर वेळी वाकून तो उभा करावा लागतो, ही अडचण खरी आहे. त्यावर जुने टायर हा फार चांगला उपाय आहे. जीपचे टायर ठोकळ्यावर आडवे खिळून टाकायचे आणि त्याच्या पोटात दोन-चार ओंडके एकमेकांना टेकवून उभे करायचे. फोडी झाल्या तरी उडत नाहीत, उभ्याच राहतात, आणि ठोकळ्याभोवती फिरत सगळे लाकूड न वाकता फोडता येते. पावसाळ्यात त्या टायरमध्ये पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, म्हणून खालच्या बाजूला चार भोके पाडून ठेवावीत.

लातूरमधल्या एका वखारीत लाकूड फोडणारा एक वयस्क कामगार मी बराच वेळ पाहत होते. त्याची कुऱ्हाड आमच्या घरातल्या कुऱ्हाडीहून फार वेगळी नव्हती, पण तो ती उचलण्याआधी प्रत्येक ओंडका पायाने फिरवून बघत होता. कापलेल्या तोंडावर उन्हाने पडलेल्या चिरा मध्यापासून कडेकडे जातात. त्यातली सर्वांत रुंद चीर तो शोधायचा, ओंडका असा ठेवायचा की ती चीर त्याच्या समोर सरळ येईल, आणि वार मध्यावर न घालता कडेला घालायचा. मोठ्या ओंडक्याच्या कडेच्या फोडी आधी काढून घ्यायचा, गाभा शेवटी. गाठ दिसली की ओंडका उलटा करायचा. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाई, फुटायचं कुठून हे लाकूडच सांगतंय. आपलंच दामटायला गेलं की मग दवाखाना." एक ओंडका मात्र त्याने बाजूला सारला; तो चिंचेचा होता. "हे पाचरीचं काम," एवढेच बोलून तो पुढच्या लाकडाकडे वळला.

पाचर आणि घण वापरताना एक नियम कधीही मोडू नये. रुतलेली कुऱ्हाड पुढे ढकलण्यासाठी तिच्या तुंब्यावर घण घालू नये. कुऱ्हाडीचे नेढे आतून पोकळ असते. घणाच्या माराने ते पसरते आणि दांडा कायमचा सैल होतो. त्याहून वाईट म्हणजे कडक पोलादावर कडक पोलाद आदळले की त्याचा बारीक कण गोळीच्या वेगाने उडतो. लोखंडी पाचरीचे डोके मार खाऊन चहूबाजूंनी पसरते, त्याच्या कडा गुंडाळल्या जातात. त्या कडाही अशाच उडतात, म्हणून त्या वेळोवेळी घासून काढाव्यात. वेल्डिंगवाल्याकडे मिळणारा साधा प्लॅस्टिकचा चष्मा कुऱ्हाडीच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नये, पदराच्या टोकाने काढायला जाऊ नये; डोळ्यावर दाब न येईल असे झाकून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

पेटवणीच्या बारीक ढलप्या काढताना डाव्या हाताने लाकूड उभे धरून उजव्या हाताने वार करतात, आणि बोटे जातात ती इथेच. इथे मोठ्या वाराची गरजच नसते. पाते लाकडाच्या माथ्यावर टेकवावे, कुऱ्हाड आणि लाकूड दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटावे. ढलपी निघते आणि धार हवेत फिरतच नाही. पदर खोचावा, काचेच्या बांगड्या वर सरकवाव्यात, डोक्यावर कपडे वाळवण्याची तार नाही ना ते पाहावे आणि लेकरे दोन कुऱ्हाडींच्या लांबीपलीकडे बसवावीत. मृगाच्या आधी सरपण भरून ठेवायचे म्हणून मे महिन्यातल्या दुपारी हे काम उरकण्याची घाई असते; ती दुपार टाळून सकाळी काम केले तर घामाने हात निसटत नाही आणि डोळ्यापुढे अंधारीही येत नाही.

जखम झालीच तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे, पाय उंच ठेवावा आणि 108 ला फोन करावा. हळद, तंबाखू, चहाची पूड, चुलीतली राख यांतले काहीही जखमेत भरू नये. दवाखान्यात ते सगळे आधी धुऊन काढावे लागते आणि तोपर्यंत वेळ जातो. कुऱ्हाडीची जखम मातीची आणि शेणाची असते, म्हणून धनुर्वाताची शेवटची लस घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झाला असेल तर ती पुन्हा घ्यावी लागते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, ज्याला पूर्वी गृहविज्ञान महाविद्यालय म्हणत, शेतकरी महिलांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम होत आले आहे. बाईचे हात, बाईची उंची मोजून अवजार घडवावे हा विचार म्हणजे नवलाची गोष्ट नव्हे. तो फक्त लोहाराच्या भात्यापर्यंत पोचायचा राहिला आहे. माझ्या धाकट्या काकूसाठी गेल्या उन्हाळ्यात आम्ही अशी कुऱ्हाड करून घेतली. दीड किलोच्या आतले डोके, गाल शक्य तितके फुगीर, अडीच फुटी अंडाकृती दांडा. लोहाराला दोनदा समजावून सांगावे लागले, कारण त्याला वाटत होते की दांडा चुकून लांब सांगितला जात आहे. काकूने पहिले काही दिवस कुरकुर केली, नेम बसायला वेळ लागला, मग तिने जुनी आखूड कुऱ्हाड गोठ्याच्या आढ्यात खोचून टाकली. आता तिची तक्रार वेगळी आहे: गल्लीतले पुरुषही हीच कुऱ्हाड मागून नेतात, आणि परत आणताना पाचर कुणीही पाहत नाही.